आमच्या खात्यात आहे तरी का जी?

मराठीतले सर्वांत महागात पडणारे वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर 'सोयरीक जमली' या वाक्याला मी दुसरा नंबर देईन. पहिला नंबर 'आमच्या खात्यात आहे तरी का जी?' या वाक्याचा. बँकेच्या खिडकीत बसून भंडारा जिल्ह्यातल्या सज्जनांकडून ते मी इतक्यांदा ऐकले आहे, की पासबुकावर छापूनच द्यावे. पिन कोणाला सांगू नका म्हटले, की हे वाक्य येते. सगळीकडे एकच पासवर्ड लावू नका म्हटले, की हेच येते. आणि मग तो भला माणूस एटीएमचे कार्ड पिनच्या चिठ्ठीत गुंडाळून पुतण्याच्या हाती देतो!

वाक्यात विनय आहे, कबूल. पण आम्ही पडलो कॉमर्सवाले, हिशेब मांडू. खाते रिकामे असते, हे रोज खरे नसते. धानाचे पैसे जमा होतात त्या दिवशी ते खोटे असते, पेन्शनच्या दिवशी खोटे असते आणि पोरीच्या लग्नासाठी मुदतठेव मोडली त्या दिवशी तर धादांत खोटे असते. चोराला वर्षातला एकच दिवस पुरतो. बरे, खाते खरोखरच रिकामे आहे असे धरू. तरी चोराला ते हवेच! लुबाडलेला पैसा स्वतःच्या नावावर घेण्याइतका तो बावळट नसतो. तो पैसा तुमच्या खात्यात उतरवतो आणि तिथून पुढे हाकतो. अशा खात्याला आमच्या धंद्यात 'म्यूल', म्हणजे खेचर म्हणतात. ओझे चोराचे, पाठ तुमची. आणि पोलीस येतात ते खेचराच्या पत्त्यावर!

काही लोक पासवर्ड लपवतात. पण ठेवतात कसला? भंडारा पडले पितळी भांड्यांचे गाव. भांड्यावर नाव घालायची आपली जुनी रीत. तीच आपण पासवर्डाला लावली. आधी स्वतःचे नाव, पुढे जन्मसाल. अहो, भांड्यावर नाव घालतात ते पंगतीला गेलेले भांडे परत यावे म्हणून. पासवर्डात नाव घातले, की तो जायची सोय होते! चार आकडी पिनच्या दहा हजार जुळण्या होतात. जन्मसाल ठेवणारा चोराचे काम शंभराच्या आत आणून ठेवतो, आणि वाढदिवसाला फेसबुकावर हारतुरे घेऊन उरलेलेही सोपे करतो.

मात्र 'लोकच अडाणी' म्हणून हात झटकणाऱ्या शहाण्यांशीही माझे भांडण आहे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, हे फर्मान आले कुठून? अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली तसा सल्ला लिहिला आणि जगाने तो वेदवाक्य मानला. २०१७ साली त्यांनीच सांगितले, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच साली त्या संस्थेनेही मुदतवार बदलाची सक्ती नको म्हटले. कारण उघड आहे. सक्तीने माणूस 'गणपती १'चा 'गणपती २' करतो. चोरालाही तेवढी बेरीज येते.

"पण बँकाच लुटल्या जातात, तिथे आमच्या पासवर्डाचे काय घेऊन बसलात?" असा एक बिनतोड वाटणारा सवाल येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. खरे आहे. पण तो फटका बँकेला बसला, खातेदारांच्या शिलकीला नाही. तुमच्या पिनचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हिशेब लावून दिला: दोष तुमचा किंवा बँकेचा नसून मधल्या तिसऱ्याच कोणाचा असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलेत, तर तुमचे नुकसान शून्य, पण गुपित तुम्हीच सांगितले असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला पैसा तुमचाच गेला. म्हणजे कुलूप फुटले तर गोष्ट वेगळी, किल्ली दिली तर वेगळी.

करायचे ते फार नाही. एकमेकांशी नाते नसलेले चार-पाच शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा. ई-मेलचा आणि बँकेचा एकच ठेवू नका. 'पासवर्ड विसरलो' म्हटले की नव्याची वाट बहुधा ई-मेलातूनच जाते. आठवत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा. परमुलखातला चोर फोनवरून कपाट उघडत नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा लबाड समजावा. ओटीपी साक्षात मॅनेजरने मागितला तरी देऊ नका. आणि घात झालाच, तर शेजाऱ्यांना सांगण्याआधी १९३० हा नंबर फिरवा आणि बँकेला कळवा. पैसा पुढे सरकायच्या आत अडला, तर अडला.

राहता राहिला पुतण्या. त्याला 'नाही' म्हणायचे कसे? चांगले तोंडाने म्हणायचे. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले, तेव्हा एटीएम नव्हते. आता बहिणीबहिणींच्या भेटीला मिनिटभरही लागत नाही.