पुन्हा पहिल्या वर्षाला?

परवा सकाळी पोह्यांना फोडणी घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. तिची मुलगीही आईच्याच वाटेने आहारशास्त्रात बीएस्सी करते आहे.

"मॅडम, ह्यांची बदली झाली. विदर्भातून आम्ही सगळे इकडे पश्चिम महाराष्ट्रात आलो. मुलीचं पहिलं वर्ष झालंय, चांगल्या मार्कांनी पास आहे. आणि इथलं कॉलेज म्हणतंय, पुन्हा पहिल्या वर्षालाच प्रवेश घ्या!"

फोडणी करपली, हे वेगळं सांगायला नको.

कारण काय, तर म्हणे विषय जुळत नाहीत. मी दोन्हीकडचे सिलॅबस मागवून घेतले आणि दुपारभर समोरासमोर ठेवून वाचले. तिकडे ज्या पेपरला 'पोषणाची मूलतत्त्वे' म्हणतात, त्याला इकडे 'मानवी पोषण' म्हणतात. आतले धडे जवळपास तेच. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्धपदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं. खरा फरक एकच होता. अन्न सूक्ष्मजीवशास्त्राचं २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल इकडे पहिल्या वर्षात आहे, तिकडे ते दुसऱ्या वर्षात आहे. या एवढ्यावर एका मुलीचं अख्खं वर्ष, वर्षभराची फी आणि उमेद, सगळं पाण्यात.

मला राग आला. पण रागाबरोबर थोडी शरमही वाटली, तेही सांगून टाकते. कारण नोकरीत असताना असे कागद माझ्याही टेबलावर यायचे. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलीचा अर्ज, सोबत मार्कशीट आणि सिलॅबसची झेरॉक्स, आणि विभागाचं मत लिहायला एक रिकामी चौकट. पेपरांची नावं जुळली नाहीत की मी त्या चौकटीत 'समकक्ष नाही' असं लिहून सही करत असे. आतले धडे वाचायला वेळ कुणाला होता? उगाच होकार दिला आणि उद्या कुणी विचारलं तर, ही भीतीही होतीच. नकार देणाऱ्याला कधी कुणी जाब विचारत नाही ना! पाच मिनिटांचं काम असायचं. त्या पाच मिनिटांत कुणाचं वर्ष जातं, हे तेव्हा मनात आलं नाही.

आता जरा गंमत बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची कोष्टकं देशभरातल्या आहारशास्त्राच्या मुलांच्या दप्तरात असतात. आमच्या वेळी गोपालन यांचं पुस्तक होतं, पानं सुटेपर्यंत वापरलेलं. २०१७ साली नवी कोष्टकं आली, ५२८ अन्नपदार्थांची. कुणाला रोज किती प्रथिनं, किती लोह लागतं याचे आकडेही साऱ्या देशाला एकच, २०२० साली सुधारलेले. बेनेडिक्टची चाचणी केली की ग्लुकोज असलेल्या परीक्षानळीत विटकरी लाल रंग येतो. तो नागपुरात येतो तसाच कोल्हापुरातही येतो. ज्या विषयाचा मूळ मजकूर देशभर इतका सारखा आहे, त्यात गाव बदललं की शिक्षण मात्र शून्यावर येतं!

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण बोलत नाही. हा विषय आपल्याकडे गृहविज्ञानाच्या अंगणात वाढला, आणि तिथे वर्गात बहुतेक मुलीच असतात. मुलींना गाव का सोडावं लागतं? वडिलांची बदली, घरातलं आजारपण, आणि सगळ्यात जास्त वेळा लग्न. मुलगा एकटा हॉस्टेलवर राहून पदवी पुरी करतो. मुलीला मात्र 'चल आमच्याबरोबर' असं सांगितलं जातं. वर्ष फुकट जाणार म्हटलं की घरात दुसरं वाक्य तयार असतं. 'मग आता राहू दे ना ते कॉलेज.' अशी राहून गेलेली कॉलेजं मी बरीच पाहिली आहेत. त्यातल्या काही मुली माझ्यापेक्षा चांगल्या आहारतज्ज्ञ झाल्या असत्या.

कुणी म्हणेल, आता क्रेडिटची बँक आहे की! आहे, खरंच आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम करून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा होतात आणि ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. कल्पना उत्तम आहे. या मुलीचेही क्रेडिट तिथे जमा आहेत, तिने मला फोनवर दाखवले. पण ते कोणत्या विषयापोटी धरायचे, हे शेवटी नवं कॉलेज आणि त्याचं विद्यापीठच ठरवणार. म्हणजे बँकेत पैसे आहेत, पण दुकानदार म्हणतो, तुमच्या गावची नोट आमच्याकडे चालत नाही. मग त्या बँकेचा उपयोग काय?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवायला घेतला. तिथे पुष्कळ मुलं पहिली दोन वर्षं जवळच्या, कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात काढतात आणि मग राज्य विद्यापीठात जातात. तिथेही विषय न जुळण्याचं रडगाणं होतंच. २०१० साली त्यांनी कायदा केला. ठरवून दिलेले विषय घेऊन ६० युनिटची दोन वर्षांची पदवी पुरी केली, की राज्य विद्यापीठाने तिसऱ्या वर्षात घ्यायचं आणि पुढे आणखी ६० युनिटपेक्षा जास्त मागायचं नाही. पोषण आणि आहारशास्त्रासाठीही अशी यादी आहे. प्राथमिक पोषणशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र वगैरे. हवी ती शाखा मिळेलच अशी हमी नाही, म्हणजे सगळं गोड आहे असं नाही. पण मुख्य मुद्दा असा, की तिथे जुळणी मुलगी दारात येण्याआधी झालेली असते. आपल्याकडे ती दारात आल्यावर सुरू होते आणि तोवर प्रवेशाची मुदत संपत आलेली असते.

मग आपण काय करावं? माझ्या बुद्धीला तीन गोष्टी सुचतात.

पहिली. राज्यातल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी एकदा एकत्र बसावं आणि आहारशास्त्र व अन्नविज्ञानाच्या पहिल्या दोन वर्षांतले आठ-दहा मूळ विषय समकक्ष म्हणून जाहीर करावेत. पेपरचं नाव काहीही ठेवा, सांकेतिक क्रमांक एकच द्या. बाकीचे विषय ज्याने त्याने आपापल्या आवडीचे ठेवावेत, कुणाची स्वायत्तता जात नाही.

दुसरी. जे कमी पडतं तेवढंच भरून घ्यावं. प्रॅक्टिकलच्या १ क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे या मुलीचं अडलं होतं ते ६० तासांवर. रोज सहा तास धरले तर दहा दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामीच असते. दहा दिवसांच्या कामासाठी वर्ष मागणं हा कुठला हिशोब?

तिसरी. उत्तर लेखी द्यावं, कारणासह आणि ठरलेल्या मुदतीत. नुसतं 'समकक्ष नाही' चालणार नाही. कोणता विषय, कोणता भाग, किती तास कमी, ते लिहावं. माझ्या त्या चौकटीत मला हे लिहावं लागलं असतं, तर मी धडे नक्की वाचले असते.

दर्जाचं काय, असं माझ्या जुन्या सहकारी विचारतील. रास्त प्रश्न आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम किती द्यायचं हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात आहाराचा तक्ता देता येणार नाही. म्हणूनच मी मूळ विषयांपुरतं बोलते आहे. उपचारात्मक आहाराचे वरचे पेपर आणि रुग्णालयातलं काम नव्या कॉलेजने आपल्या देखरेखीखाली कसून करून घ्यावं. दर्जा तिथे राखला जातो. जीवनसत्त्वांचा धडा दुसऱ्यांदा वाचायला लावून तो वाढत नाही.

आणि ही वेळ बरी आहे. २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञांचा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आहे, देशभर सारखं शिक्षण हा त्याचा एक हेतू आहे. आज ना उद्या अभ्यासक्रम पुन्हा बदलतील. तेव्हा जुन्या आणि नव्याच्या मधे सापडलेल्या मुलींची सोय आधीच करून ठेवली नाही, तर हाच खेळ पुन्हा होईल.

असो. त्या मुलीचं काय झालं ते सांगते. आम्ही सिलॅबसचा धड्यानुसार तक्ता करून अर्ज दिला. उत्तर यायच्या आत प्रवेशाची मुदत संपली. घरचे 'राहू दे' म्हणायच्या आत तिने स्वतःच पहिल्या वर्षाला नाव घातलं. हुशार आहे, शिकेल. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता, पुन्हा बेनेडिक्टची चाचणी केली म्हणून.

"मॅडम, रंग तोच आला," म्हणाली आणि हसली.

मला काही हसू आलं नाही. तुमच्यापैकी कुणी अभ्यास मंडळावर असेल, तर पुढच्या बैठकीत एवढा विषय काढाच.