सिमेंटचा टक्का आणि मजुरीचा टक्का

हवामानबदलाचा प्रश्न निघाला की आपल्यातील पुष्कळ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. धूर ओकला युरोप-अमेरिकेने आणि उपदेश ऐकायचा नेवासे-शेवगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने, हा कोठला न्याय, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल रास्त आहे. परंतु या सवालाच्या आडोशाला एक वर्ग सुखाने दडून बसला आहे, आणि त्याचा पत्ता शोधण्यासाठी न्यूयॉर्कला जावे लागत नाही. तो आपल्या तालुक्याच्या गावी, बांधकाम विभागाच्या व्हरांड्यात भेटतो. सार्वजनिक बांधकामाच्या नावाने या राज्यात सिमेंटची जी उधळपट्टी चालली आहे, तिचा जितका संबंध वातावरणातील कर्बवायूशी आहे तितकाच मजुराच्या रोजीशी आहे. एकाच वहीची ती दोन पाने आहेत, आणि ही वही जनतेला दाखवायची नाही असा सर्व पक्षांच्या सत्ताधाऱ्यांचा अलिखित करार आहे.

प्रथम सिमेंटचीच गोष्ट समजावून घेऊ. चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सुटतो आणि क्लिंकरचे खडे उरतात. हे खडे दळले की सिमेंट तयार होते. भट्टीखाली जाळलेल्या कोळशाचा धूर आणखी वेगळा. निम्म्याहून अधिक वायू प्रत्यक्ष दगडातूनच येत असल्यामुळे भट्टीचे इंधन उद्या कितीही स्वच्छ केले तरी तो हिस्सा शिल्लक राहणारच. जगात दरवर्षी माणसाच्या हातून जो कर्बवायू सुटतो त्यापैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे, आणि सिमेंटच्या उत्पादनात चीनखालोखाल आपल्या देशाचा क्रमांक लागतो. औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेल्या सिमेंटच्या ५० किलोंच्या एका गोणीमागे ढोबळमानाने ३० किलो कर्बवायू धरावा. काही न मिसळलेल्या सिमेंटच्या गोणीमागे ४० किलोंहून अधिक.

आता सोनई घ्या, किंवा सोनईसारखे कोणतेही बाजारपेठेचे गाव घ्या. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड अशा एका गल्लीचे काँक्रीटीकरण करायचे तर ४५ घनमीटर काँक्रीट लागते. घनमीटरला साडेसहा गोण्या धरल्या तर सुमारे २९० गोण्या झाल्या, म्हणजे जवळजवळ नऊ टन कर्बवायू. याच गावातील एखाद्या भूमिहीनाला प्रधानमंत्री आवास योजनेतून २५ चौरस मीटरचे घरकुल मिळते. सपाट प्रदेशात त्याला १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरले. त्या घराला शंभरएक गोण्या लागल्या असे धरू. तीन टन झाले. केवळ सिमेंटपुरते पाहिले तर शंभर मीटरची एक गल्ली तीन घरकुलांच्या बरोबरीची ठरते. मग गल्लीत आधीच काँक्रीट असताना त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसवले जातात, एका सभामंडपाशेजारी दुसरा उभा राहतो, आणि ज्या वस्तीला नळ नाही तिच्या तोंडाशी स्वागतकमान येते, तेव्हा किती गोण्या आणि किती घरकुले उडाली हा हिशेब कोणी करायचा?

येथे एक गैरसमज होऊ नये. काळ्या मातीच्या गावात पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो, आणि दलित वस्तीला पक्का रस्ता सर्वांत शेवटी मिळतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? जिल्ह्यातील साखर कारखान्यांभोवती हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या, पाचट, वर ताडपत्री. बांधकामातील कर्बाच्या हिशेबात या कोपीइतके पुण्यवान घर सापडणार नाही. म्हणून काय तिची आरती ओवाळायची? कर्बवायू कमी करण्याचे ओझे घरकुलावर आणि कोपीवर टाकू पाहणाऱ्याला आपण दारातूनच परत पाठवले पाहिजे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या वाट्याचे सिमेंट अजून यायचेच आहे, आणि ते त्याला मिळावे म्हणूनच कमानी आणि मंडपांची उधळण थांबली पाहिजे.

ही उधळण होते तरी का? गावाला हवे म्हणून, असे उत्तर लोकप्रतिनिधी देतात. खरे कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. सिमेंटचे काम लवकर उरकते, यंत्राने होते, मोजायला सोपे असते, आणि त्याच्या दरात टक्केवारी सहज मुरते. मातीकामात आणि दगडकामात पैसा शंभर हातांत वाटला जातो. सिमेंटच्या कामात तो कंत्राटदाराच्या एका हातात राहतो, उरलेला चंद्रपूरच्या गडचांदूर-आवारपुराकडे अथवा कर्नाटकातील वाडीकडे, जेथे क्लिंकरच्या भट्ट्या आहेत, रवाना होतो. गावात राहते काय, तर गोण्यांची रिकामी प्लास्टिकची पोती! दगड घडवणारा पाथरवट आणि वडार याच जिल्ह्यातील काळ्या पाषाणावर पिढ्यान्‌पिढ्या जगला. दगडाचा डोंगर तसाच आहे, परंतु त्याच्या हाताला काम उरलेले नाही.

या महाराष्ट्राने याच्या उलट वाटेने जाऊन दाखवले आहे, आणि फार जुन्या काळात नव्हे. १९७२ च्या दुष्काळात कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या मे महिन्यात ५० लाखांच्या घरात गेली होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्त्यांची मातीकामे या हातांनी केली. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मजुरीवर किमान ६० टक्के आणि सामग्रीवर फार तर ४० टक्के हे प्रमाण हमीच्या कामांना लागू झाले. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही तेच उचलले. कर्बवायू हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता. तरीही ६०:४० या दोन आकड्यांनी सिमेंट आणि यंत्र यांना जी वेसण घातली होती तशी पुढे कोणत्याही पर्यावरण कायद्याने घातली नाही. म्हणूनच ठेकेदारवर्गाचा सर्वांत जुना राग या प्रमाणावर आहे.

सोनईच्या शेतीला ज्या मुळा धरणाचे पाणी येते, ते २६ अब्ज घनफुटांचे धरण प्रामुख्याने मातीचे आहे. अकोल्याच्या डोंगरात १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण दगडी आहे. १९६९ मध्ये त्याला गळती लागली आणि पुढे काँक्रीटचे टेकू द्यावे लागले, हेही सांगितले पाहिजे. टेकू जेथे हवा तेथे काँक्रीट द्यावेच. आपला वाद आहे तो टेकूची गरज नसतानाही सर्वत्र काँक्रीटच ओतण्याशी. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार योजनेत नाल्यानाल्यांतून पोकलेन आणि जेसीबी फिरले, सिमेंटचे बंधारे झाले, ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. आणि २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदवले की पाण्याची गरज भागवण्यावर व भूजल वाढवण्यावर तिचा परिणाम फारसा दिसत नाही. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार येथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत मातीचे काम आधी झाले, हे त्या योजनेच्या कारभाऱ्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. मातीदगडाच्या घरांचे काय होते ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने पाहिले. जाड भिंती आणि त्यांवरील मातीच्या माळवदांचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या दिवसापासून मराठवाड्याच्या आणि आपल्या नगर जिल्ह्याच्या माणसाला माळवदाची धास्ती बसली आहे, आणि तिला अडाणी म्हणून हसणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींना या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही. परंतु त्या भूकंपाचा तांत्रिक धडा कोणता? दगड सांधणाऱ्या आडव्या शिळांचा अभाव, भिंतींना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा अभाव, आणि छपराचा अवाजवी भार. जोत्याला, दाराखिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा एकेक पट्टा दिला की थोड्या सिमेंटमध्ये भिंत धरून राहते. कोठे द्यावे हे कळले तर सिमेंट जीव वाचवते, आणि कमीही लागते.

हे सांगणारा माणूस आपल्या देशात होऊन गेला. लॉरी बेकरने त्रिवेंद्रमला १९७० च्या दशकात सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचे आवार विटांत बांधले, आत पोकळी ठेवून वीट रचण्याची रीत रूढ केली, आणि तिने सुमारे चतुर्थांश विटा वाचतात हे दाखवले. त्याच्या पाठीशी मुख्यमंत्री अच्युत मेनन उभे राहिले, जे कम्युनिस्ट होते. १९८५ साली मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज, टी. आर. चंद्रदत्त आणि बेकर यांनी कॉस्टफोर्ड ही संस्था काढली ती गरिबांची घरे स्वस्तात आणि स्थानिक सामग्रीत बांधण्यासाठी. महाराष्ट्रातील डाव्यांनी असे एकही पाऊल उचलले नाही ही आपल्याला बोचावी अशी गोष्ट आहे. आपण घरकुलाची रक्कम वाढवण्याची मागणी केली, ती योग्यच होती, परंतु घर कशाचे आणि कसे, हा प्रश्न आपण ठेकेदाराच्या मर्जीवर सोडला.

सरकारपाशी उत्तरे तयार आहेत. भारतात माणशी सिमेंट वर्षाला सुमारे ३०० किलो, जगाची सरासरी ५०० किलोंच्या वर. मग आम्हीच काटकसर का करावी? सरासरी हा सत्ताधाऱ्यांचा आवडता पडदा आहे. मुंबईतील मनोरे आणि पाथर्डीच्या तांड्यावरील झोपडी यांची सरासरी काढली की मनोरा निर्दोष ठरतो. २०२१ साली ग्लासगोत २०७० पर्यंत निव्वळ शून्याची घोषणा झाली. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन कर्ब-बाजाराची वाट मोकळी झाली आणि २०२३ मध्ये त्याची योजना अधिसूचित झाली. त्यात सिमेंट कारखान्याला मर्यादा आहे ती दर टनामागच्या वायूची. टन किती काढावेत याला मर्यादा नाही! टनामागे वायू थोडा घटला आणि टन दुप्पट झाले, तर कारखानदाराने पुण्य विकावे आणि वातावरणाने धूर सोसावा. राज्य सरकारची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली तर याहून चतुर निघाली. हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला बक्षीस काय, तर तीनपासून सात टक्क्यांपर्यंत जादा चटईक्षेत्र. कमी बांधल्याचे बक्षीस म्हणून जास्त बांधण्याची परवानगी, ही कल्पना बिल्डरवर्गाच्या खर्चाने ठेवलेल्या विदूषकालाही सुचली नसती.

मोठ्या प्रकल्पांविषयी काय बोलावे? मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो आपल्या कोपरगाव तालुक्यातून जातो. त्याचा शेवटचा टप्पा खुला करण्यासाठी २०२५ साली दिवस निवडला तो ५ जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन. त्याच महिन्यात नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गासाठी मंत्रिमंडळाने वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग असताना हा ८०० किलोमीटरचा दुसरा रस्ता कशाला, असे कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी विचारत होते. ते आपली जमीन वाचवायला उठले होते. पण त्यांचा प्रश्न नेमका तोच होता जो ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशाच्या अर्थखात्याने २०१३ च्या आपल्या अहवालात पायाभूत कामांना घातला: हे न बांधता भागेल काय, कमी बांधून भागेल काय, आणि बांधायचेच तर शहाणपणाने बांधता येईल काय? तेथे २०१६ पासून अशा कामांच्या कर्ब-हिशेबाचे मानक आहे. डेन्मार्कने २०२३ पासून हजार चौरस मीटरच्या वरील नव्या इमारतींना कर्बाची कायदेशीर कमाल मर्यादा घातली. आपल्याकडील निविदेत सर्वांत कमी दराचा रकाना असतो. कर्बाचा नसतो, आणि मजुरीचाही नसतो.

हे रकाने घालण्याची मागणी आपली असली पाहिजे. ठरावीक रकमेपुढच्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या अंदाजपत्रकात सिमेंट किती, पोलाद किती, त्यांचा कर्बवायू किती आणि एकूण खर्चात मजुरीचा टक्का किती, हे चार आकडे मंजुरीपूर्वी ग्रामसभेपुढे आले पाहिजेत. चुनखडी आणि भाजलेली माती मिसळून केलेल्या सिमेंटचे भारतीय मानक २०२३ सालीच निघाले आहे. निव्वळ सिमेंटच्या तुलनेत त्यात ३० ते ४० टक्के कर्ब वाचतो. शासन हाच सिमेंटचा मोठा गिऱ्हाईक असताना त्याने ते मागू नये याचे कारण आपण विचारले पाहिजे. दगडी सोलिंग, घडीव दगडाच्या भिंती आणि मातीकाम यांचे दर दरसूचीत असे ठेवावेत की मजुराला किमान वेतन मिळून ते काम परवडेल. आणि घरकुलाला या सर्व कपातीतून नावानिशी वगळावे.

सोनईपासून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापुरात घरांना कवाडे न लावण्याची रीत आहे. ज्या परिसरात माणसे घर उघडे टाकून निजतात त्याच परिसरात सार्वजनिक कामांची अंदाजपत्रके कुलपात का असावीत? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कागद पाहण्याची मुभा देतो इतकेच अनेकांना ठाऊक आहे. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार त्यात आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभा आपण भाषणांत घालवतो. पुढील ग्रामसभेपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एकाच कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मिळवावी. गोण्या मोजाव्यात, त्यांना तीसने गुणावे, शेजारी मजुरीवर प्रत्यक्ष गेलेली रक्कम लिहावी, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.