तारवाचे छायाचित्र

'नोहाचे तारू सापडले' असे सांगणारे एक छायाचित्र भाविकांमध्ये फिरत असते. पूर्वी ते पत्रकांतून येई, आता मोबाइलवरून येते. तुर्कस्तानच्या पूर्व सीमेजवळ, अराराट शिखराच्या दक्षिणेस, नावेच्या आकाराचा एक मातकट उंचवटा त्यात दिसतो. हेच चित्र दाखवून 'पाहा, बायबल खरे ठरले' असे मुलांना शिकवणारेही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

1959 साली दुरुपिनार नावाच्या तुर्की सेनाधिकाऱ्याला हवाई छायाचित्रांत ही आकृती आढळली. 1960 मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने ती छापली. त्याच वर्षी तेथे गेलेल्या पथकाने खोदून पाहिले, तेव्हा दगडमातीपलीकडे काही हाती लागले नाही. प्रकरण तेथेच मिटायचे; परंतु पुढे रॉन वायट या अमेरिकन गृहस्थाने ते पुन्हा उकरले आणि पर्यटकांची रीघ लागली.

उतारावरून सरकणारा चिखल कठीण खडकाला अडला, की त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो व निमुळता आकार मागे ठेवतो. पावसाळ्यात ओढ्यातल्या धोंड्याभोवती साचलेला गाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावायला नको. लोखंडी खिळे म्हणून जे दाखवले जातात ते खडकातच साठलेले लोहखनिज, आणि तारवाचे नांगर म्हणजे त्याच मुलखातले ज्वालामुखीजन्य दगड. लांबी 300 हातांच्या जवळपास भरते, हे मोठ्याने सांगितले जाते. रुंदी पवित्र शास्त्रातील 50 हातांच्या पुष्कळ पुढे जाते, हे मात्र कोणी सांगत नाही. या तारवाची बाजू घेऊन पुस्तक लिहिणारे डेव्हिड फासोल्ड यांनीच 1996 साली भूवैज्ञानिक लॉरेन्स कॉलिन्स यांच्यासह निबंध लिहून ही नैसर्गिक खडकरचना असल्याचे जाहीर केले. केंटकीत 2016 साली ज्यांनी लाकडी तारू उभारून तिकिटे लावली, जलप्रलयाचा शब्द न् शब्द इतिहास मानणारी ती मंडळीसुद्धा या उंचवट्याला तारू म्हणत नाहीत!

मग आम्हीच का म्हणावे? उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात 'अराराटचे पर्वत' असा बहुवचनी उल्लेख आहे, एका शिखराचा नव्हे. पुराची कथा बाबिलोनी गिल्गामेश काव्यात आहे, शतपथ ब्राह्मणात मनू आणि मत्स्याची आहे. उत्पत्तीकाराने ती सांगितली ती देवाचा करार सांगण्यासाठी. शास्त्रातील लेखनप्रकार ओळखून अर्थ लावावा, असे पोप बारावे पायस यांनी 1943 साली व व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शिकवले. चिखलाचा पुरावा घेऊन वाढलेले पोर महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकते, तेव्हा चिखलाबरोबर नोहालाही टाकून देते. त्या वेळी त्याच्या नास्तिकपणाबद्दल प्राध्यापकांना बोल लावला जातो!

धर्मगुरूंनी दगडधोंड्यांत कशाला पडावे, असा आक्षेप येईलच. खडकांचे थर खालून वर क्रमाने साचतात हा नियम 1669 साली मांडणारे नील्स स्टेन्सन 1675 मध्ये धर्मगुरू झाले, 1677 मध्ये बिशप, आणि 1988 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. आक्षेप त्यांच्याकडे पाठवावा.