बंदी उठल्यानंतरचं ताट

म्हैसुरातल्या घरात डायलिसिसवरचा पेशंट असला की देवराज मार्केटातून येणारी नंजनगुडची रसबाळे केळी थांबतात. पोटॅशियमपायी शहाळं बंद, भाज्याही उकळून पाणी ओतून द्यायच्या. अशी दोन-तीन वर्षं काढल्यावर आईची नाहीतर बहिणीची किडनी मिळते, क्रिएटिनिन उतरतं आणि पेशंट विचारतो, "डॉक्टर, आता सगळं चालेल ना?" ओपीडीच्या गर्दीत आपण "हो, हो" म्हणून मोकळे होतो. त्या 'सगळ्यात' म्हैसूरपाकही आला.

नेमक्या याच महिन्यांत युरेमिया ओसरून तोंडाला चव आलेली असते, प्रेडनिसोलोनने भूक खवळलेली असते आणि टॅक्रोलिमस इन्सुलिनचं स्रवणं रोखत असतं. पोट सुटतं. मग एके दिवशी उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते आणि आपण पेशंटला रागावतो!

शस्त्रक्रियेआधी मात्र आपण वजनाबाबत फार कडक. जाड पेशंटची जखम चिघळते, हर्निया होतो, नवी किडनी उशिरा काम सुरू करते, हे खरंच आहे. पण बीएमआयचा आकडा दाखवून त्याला परत पाठवणं मला पटत नाही. डायलिसिसवरच्या माणसाच्या वजनात पाणी किती, चरबी किती, हे काटा सांगत नाही. आपल्याकडे 25 बीएमआयलाच स्थूलता धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत हवा. केडिगोच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांतही केवळ स्थूलतेपायी कुणाला प्रत्यारोपण नाकारू नये, वजन उतरवायला मदत करावी, असंच म्हटलं आहे.

वजन उतरवायच्या सेमाग्लुटाइडबद्दल हल्ली पेशंट स्वतःहून विचारतात. ते द्यायचं तर उलट्या-जुलाबांवर नजर हवी: उलटीत टॅक्रोलिमसची गोळी पडून जाते, जुलाबांत त्याची पातळी चढते, आणि अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिनही.

डिस्चार्जच्या दिवशी औषधांचा तक्ता आपण दोनदोनदा समजावतो. आहारतज्ज्ञाची गाठ मात्र डायलिसिसबरोबरच सुटलेली असते. ती पहिलं वर्षभर दर महिन्याला पडावी, आणि फाइलीत क्रिएटिनिनशेजारी कंबरेच्या घेराचाही रकाना असावा. पोटॅशियम बघून रसबाळे केळं जरूर खाऊ द्या. म्हैसूरपाकाचा विषय मात्र पेशंटने काढायच्या आत आपणच काढलेला बरा.