सर्व्हर डाऊन आहे, उद्या या!

कोकणच्या बोलीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे नवे शब्द रुळले, त्यांत ‘सर्व्हर डाऊन’ इतका सर्वतोमुखी झालेला दुसरा शब्द बहुधा नसेल. रत्नागिरीत बँक असो, टपाल कचेरी असो, सेतू केंद्र असो की सात-बाराचा उतारा असो. खिडकीच्या आत काही अडले की बाहेर हेच दोन शब्द येतात. पूर्वी ‘साहेब फिरतीवर आहेत’ असे सांगत असत. पण साहेब केव्हा ना केव्हा परत येत तरी! सर्व्हर एकदा ‘डाऊन’ झाला की तो कुठे गेला आणि त्याला आणायला कोण गेले, याचा पत्ता कोणालाच नसतो.

नोव्हेंबर महिना पेन्शनर मंडळींचा हयातीच्या दाखल्याचा. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ सुरू केले, तेव्हापासून यंत्रावर बोट टेकवूनही हा दाखला मिळतो. सोय मोठी खरी. पण लांज्याहून किंवा संगमेश्वराहून सकाळची एस.टी. पकडून आलेले सत्तरी उलटलेले गृहस्थ खिडकीशी पोचतात आणि आतून आवाज येतो, “आजोबा, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” माणूस धडधडीत समोर उभा आहे, छत्री हातात आहे, दमही लागला आहे, पण तो जिवंत असल्याचे यंत्राला कळवायला वाट नाही!

आता ‘उद्या या’ म्हणजे आणखी एकदा प्रवास आणि आणखी एक दिवस मोडणे. ते आजोबांनी करावेच का, हे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे: बिघाड किती लांब झाला आहे? खिडकीतल्या यंत्राची वायर निसटली असेल तर त्यांनी शेजारच्या खिडकीशी जावे. कचेरीतली पेटी गरम होऊन अडकली असेल तर बाकावर दहा मिनिटे टेकावे. महामार्गावर केबल तुटली असेल तरच परतीची गाडी धरावी. तीन निराळे बिघाड, तीन निराळी उत्तरे, आणि आपण तिन्हींना नाव मात्र एकच दिले आहे.

सर्व्हर म्हणजे शब्दशः वाढणारा. पंगतीत पानावर भात आला नाही, तर ‘वाढपी मेला’ असे कोणी म्हणत नाही. आपण पानावर बसलो आहोत ना, वाढपी दुसऱ्या ओळीत तर नाही ना, स्वयंपाकघराचे दार कोणी लावून तर घेतले नाही ना, हे आधी बघतो. कचेरीतही तेवढेच करायचे असते.

किंबहुना लांबच्या सर्व्हरवर तर आपण नेहमीच अन्याय करतो. टपाल खात्याने २०१३ मध्ये आपले मोठे डेटा सेंटर नवी मुंबईत उभारले आणि खेडोपाडीच्या बचत खात्यांचे हिशेब हळूहळू अशा मध्यवर्ती यंत्रांवर गेले. रत्नागिरीपासून हे अंतर तीनशेहून अधिक किलोमीटर. मध्ये घाट, नद्या, आणि वर्षानुवर्षे चौपदरीकरण चाललेला मुंबई-गोवा महामार्ग. खोदणाऱ्या यंत्राचा एक फाळ केबलला लागला की झाले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडचे खांब आडवे झाले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले. अशा वेळी दूरचा सर्व्हर आपल्या थंडगार खोलीत खुशाल चालू असतो. वाट तुटलेली असते, आणि बोल त्याला लागतो.

पण असे दिवस वर्षातून थोडे. बाकीचे बिघाड चार भिंतींच्या आतले, आणि तिथे मेकॅनिकची वाट न पाहता कोणालाही पुष्कळ काही समजू शकते.

पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, शेजाऱ्याला विचारावा: “तुमचे चालते आहे का हो?” एकाचेच बंद असेल तर दोष त्याच्या टेबलाशी, सगळ्यांचे बंद असेल तर मधल्या पेटीशी किंवा सर्व्हरशी, सर्व्हर मिळतो पण बाहेरचे जग मिळत नसेल तर टेलिफोनच्या बाजूला. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे निदान होते, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

मग वायर. ती जिथे यंत्रात शिरते तिथे बहुधा एक बारीक दिवा असतो. तो मुळीच पेटला नसेल तर पुढची सारी विद्या फुकट. रत्नागिरीची खारी, दमट हवा तांब्याला चांगली नाही. पावसाळाभर वायरच्या टोकाच्या त्या बारीक पट्ट्यांवर राप चढतो. मग कधी लागते, कधी लागत नाही. टोक काढून पुन्हा बसवले की दिवा लागतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा जातो. ते टोकच बदलावे. उंदीर आणि केरसुणी यांचेही या कामी मोठे साहाय्य असते. शिवाय सणाचे दिवस आहेत: कचेरीच्या दारात आकाशकंदील लावायला मोकळे भोक मिळाले नाही म्हणून कोणी उत्साही तरुण कोपऱ्यातल्या ‘कसल्यातरी’ पेटीचा प्लग काढतो. ती पेटी म्हणजे सगळ्या वायरी जिथे भेटतात तो स्विच! कंदील झकास लागतो आणि बारा टेबले बसतात.

दिवा आहे, तरी काम नाही, तर पत्ता पाहावा. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो आणि तो बहुधा राउटर नावाची पेटी वाटते. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असे इंग्रजीत टंकले की तो दिसतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजावे की यंत्राने पुष्कळ हाका मारल्या, कोणी पत्ता दिला नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक ठरवून घेतला. अशा पत्त्यावर कोणाचे पत्र येणार? याच्या उलट प्रकार म्हणजे दोन पेट्या पत्ते वाटू लागणे. कोणीतरी घरचा जुना राउटर आणून ‘वाय-फाय जरा बरे येईल’ म्हणून जोडतो, आणि निम्मी कचेरी एका गावची, निम्मी दुसऱ्या गावची होते. हा बिघाड सापडायला फार छळतो, कारण प्रत्येक यंत्र एकेकटे पाहिले तर निरोगी दिसते.

पत्ता ठीक असेल तर सर्व्हरला हाक मारावी. तिला ‘पिंग’ म्हणतात. आधी आकड्याने मारावी, मग नावाने. आकड्याला ओ येते आणि नावाला येत नाही, असे झाले तर सर्व्हर, वायर, सगळे शाबूत आहे. नावावरून आकडा सांगणारी व्यवस्था तेवढी चुकली आहे. मात्र आकड्यालाही ओ आली नाही म्हणून सर्व्हर बंदच, असे ठरवू नये. काही सर्व्हर हाकेला उत्तर देऊ नये असेच शिकवलेले असतात.

ओळख पटवण्याची भानगड निराळी. मोठ्या कचेरीत जिथे सर्वांचे प्रवेश एकाच जागी तपासतात, तिथे यंत्राचे आणि सर्व्हरचे घड्याळ सर्वसाधारणपणे पाच मिनिटांहून अधिक चुकले तर प्रवेश नाकारला जातो. यंत्राच्या पोटातला नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ मागे पडते, आणि सारी कचेरी पासवर्ड आठवत बसते! लहान कचेरीत निराळीच गंमत. तिथे सर्व्हर म्हणून साधेच विंडोजचे यंत्र ठेवलेले असते. त्याला एका वेळी वीस जोडण्यांची मर्यादा. धंदा वाढला, माणसे वाढली, की उशिरा येणाऱ्याला रोज ‘सर्व्हर डाऊन’.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा रोग जगभर पसरला. इंग्लंडातल्या इस्पितळांचीही त्याने दैना केली. फाइली वाटण्याच्या एका जुनाट पद्धतीतल्या भोकातून तो शिरला. तिचे नाव एसएमबी-एक. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती मुळातच बंद ठेवली. त्यामुळे जुन्या सर्व्हरशी नव्या यंत्राचे जमेना. मग येणारा कारागीर दोन मिनिटांत ती पुन्हा सुरू करतो, फाइली दिसू लागतात, सगळे त्याला चहा पाजतात. हा चहा महाग पडण्याजोगा आहे. चोरीच्या भीतीने बंद केलेले दार ‘येण्याजाण्याला बरे’ म्हणून कोणी उघडे टाकत नाही. सर्व्हर बदलावा, दार उघडू नये.

तसेच दोन गोष्टी घाईने करू नयेत. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे बारीक भोक असते. ते दाबले की पेटीतले सारे लिहिलेले पुसले जाते, आणि बिघाड एक होता त्याचे दहा होतात. आणि चालू सर्व्हरचा प्लग ओढू नये. हिशेब लिहिता लिहिता वीज गेली तर सर्व्हर परत येतो, हिशेबाची खात्री नसते.

दोनशे पानी वही, दोरीने सर्व्हरच्या टेबलाला बांधलेली, एवढ्यावर काम भागते. पहिल्या पानावर सर्व्हरचा पत्ता, राउटरचा पत्ता, कोणती वायर कोणत्या टेबलाची, टेलिफोनवाल्यांचा तक्रारीचा क्रमांक. पासवर्ड नव्हे. पुढच्या पानांवर तारीख, वेळ, काय बंद पडले, कशाने चालू झाले. आणि खिडकीतल्या ताईंना त्यातले एकच वाक्य कळवावे, म्हणजे त्या बाहेर सांगू शकतील: “आजोबा, आमचीच वायर गेली आहे. बसा जरा, अकरापर्यंत होईल.”