जालीम गेला, हिशेब राहिला

हुकूमशहाविरुद्ध युद्ध न्याय्य असते काय? हा प्रश्न तपासायला आम्हा खानदेशी मुसलमानांनी बगदादपर्यंत जाण्याची गरज नाही. जळगावहून अजिंठ्याकडे निघालो की फर्दापूर लागते. 1948 पर्यंत तिथे निजामाचा अंमल होता.

तो अंमल जुलमी होता, हे आम्ही आधीच स्वच्छ सांगतो. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. आजही निजामाला 'आपला' म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: मग शोएबुल्ला कोणाचे? सद्दामसाठी हळहळणाऱ्यांनाही तोच सवाल. 1988 मध्ये हलब्जात विषारी वायूने त्याने मारलेले कुर्द मुसलमान नव्हते काय?

म्हणून 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, यात आम्ही अन्याय पाहत नाही. पाच दिवसांत निजाम शरण आला. पण जालीम शरण आला की युद्धाचा नैतिक हिशेब संपतो काय? आमच्या मते तो तिथूनच सुरू होतो.

भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने अंदाज दिला, की या कारवाईत आणि तिच्यानंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत भयंकर प्रकार घडले. हा अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

काहीजण म्हणतात, आधी रझाकारांनी मारले, मग असे व्हायचेच. रझाकाराच्या गुन्ह्याची सजा त्याच्या धर्माच्या विणकराला देणे, याला सूड म्हणतात, इन्साफ नव्हे. जो रयतेला जालिमाच्या तावडीतून सोडवायला जातो, त्याच्यावर जालिमाच्या धर्मबांधवांचीही जबाबदारी येते. तेही रयतच असतात. इराकमध्ये 2003 साली अमेरिकेने हेच विसरले. सद्दामची सत्ता काही आठवड्यांत कोसळली; ज्या शस्त्रांसाठी युद्ध झाले ती सापडलीच नाहीत आणि सामान्य इराकी वर्षानुवर्षे मरत राहिला.

त्याच सुंदरलाल अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुस्लिम विणकरांना वाचवले. धुळ्याच्या मागावाल्यांच्या मुलांना हे कोणी सांगितले आहे काय?

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन साजरा होतो. तो आमचाही आहे. म्हणूनच आमची मागणी आहे, की त्या दिवशी वर्गात शोएबुल्ला खान यांचे नाव घेतले जावे, मुक्तीनंतर मारल्या गेलेल्यांचीही आठवण काढली जावी आणि त्या हिंदू विणकरांचीही. यातले एक सांगून दुसरे गाळणारा शिक्षक उर्दू शाळेतला असो की मराठी शाळेतला, तो इतिहास शिकवत नाही, बाजू शिकवतो.