पाताळातले माहेर

भूमिगत जीवांचा कल्पित समाज म्हटला की एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मधले (१८९५) मॉरलॉक आठवतात. नागपंचमीची कहाणी मात्र आपण व्रतकथा म्हणून बाजूला ठेवतो. हे वर्गीकरण मला अपुरे वाटते.

नागपंचमीला जमिनीत नांगर घालू नये, ही रीत अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. मातीखाली कुणाचे तरी घर आहे, हे त्यात गृहीत आहे. कहाणी त्या घरात शिरते. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला शेषनाग मामा बनून पाताळात नेतो. तिथे नागीण बाळंत होते. सुनेच्या हातून दिवा पडून पिल्लांची शेपटे भाजतात. मोठी झालेली पिल्ले सूड उगवायला येतात, तेव्हा ती नाग काढून, पुजून, आपल्या भावांचे क्षेम चिंतीत असते. राग तिथेच मावळतो.

मॉरलॉक वर्गभेदाच्या भीतीतून जन्मले. हे नाग सासरच्या पोरकेपणातून. म्हणूनच या पाताळात नाती आहेत, अपराध आहे, क्षमाही आहे. कहाणी शिकवताना व्रताच्या फळाआधी त्या सुनेचे एकटेपण वाचायला हवे.